बुधवारी सकाळी सात वाजता

परवा मित्राचा मुलगा प्रेसवर आला होता. छतावर सोलर बसवून देतो, धंद्याला दोन वर्षं झाली, हाताखाली चार पोरं आहेत. चहा अर्धा संपल्यावर मुद्द्यावर आला. "काका, तुम्ही त्या रेफरल ग्रुपमध्ये होतात ना? माझ्या मागे दोघं जण लागलेत. भरू का फी?"

मी लगेच काही बोललो नाही. कारण याच प्रश्नाची मी आजवर दोन वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. ग्रुपमध्ये होतो तेव्हा सांगायचो, डोळे झाकून भर. (नवा मेंबर आणला की आणणाऱ्यासाठी टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांचा हात होता त्या सल्ल्यात.) सोडल्यानंतर वर्षभर सांगत होतो, पैसे पाण्यात. दोन्ही वेळा समोरच्याला "तुझा धंदा नेमका कोणाशी?" एवढंही विचारलं नव्हतं. म्हणून आता जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. तीस-चाळीस व्यावसायिक आठवड्यातून एकदा भल्या पहाटे हॉटेलात जमतात. एका धंद्याचा एकच माणूस: एक सीए, एक इंटिरियरवाला, एक प्रिंटर. प्रत्येकाने उभं राहून मिनिटभरात आपला धंदा सांगायचा. मग एकमेकांना रेफरलच्या स्लिपा द्यायच्या (म्हणजे अमक्याला तुझं काम हवंय, त्याला फोन कर, अशी चिठ्ठी) आणि गेल्या आठवड्यात कोणामुळे किती काम मिळालं त्याचे आकडे जाहीर करून आभार मानायचे. हा साचा रूढ केला तो १९८५ साली आयव्हन मिस्नर यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) या संस्थेने. आता असे ग्रुप गल्लोगल्ली आहेत. आपल्याकडे माधवराव भिड्यांचा सॅटर्डे क्लब आहे, त्यांनी तर तुकोबांच्या 'सुपंथ'च्या जागी 'श्रीमंत' घालून ब्रीदवाक्य केलं. माझा ग्रुप कुठला होता ते विचारू नका, त्याने माझ्या म्हणण्यात फरक पडत नाही.

कल्पना नवीन नाही. रोटरी आज समाजसेवेसाठी ओळखली जाते, पण १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने ती सुरू केली तेव्हा एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा आणि आपसात काम द्यायचं, हाच बेत होता. त्याच्याही मागे जायचं तर माझ्याच जातीचा माणूस सापडतो, म्हणजे छापखानेवाला. बेंजामिन फ्रँकलिन. १७२७ साली त्याने फिलाडेल्फियात दर शुक्रवारी संध्याकाळी बसणारं मंडळ काढलं. पुढे स्वतःचा छापखाना टाकला तेव्हा त्याच मंडळातल्या एकाने त्याला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या इतिहासाच्या पुस्तकाचे ४० फर्मे (छापायचे मोठे ताव) मिळवून दिले. रेट कमी होता, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. रोज एक फर्मा जुळवायचा म्हणून बरेचदा रात्री अकरापर्यंत वापरलेले खिळे (छपाईची अक्षरं) परत जागेवर लावत बसायचा. शेजारपाजारच्यांना ते दिसत होतं, आणि त्यातून त्याची बाजारात पत तयार झाली.

हे मी ग्रुप सोडल्यावर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

आता माझा हिशेब. नाशिकरोडला सरकार नोटा छापतं, मी अंबडला खोकी छापतो. ऑफसेट, लॅमिनेशन, डाय-पंचिंग, पेस्टिंग, सगळं एका गाळ्यात. वर्षाची फी ४० हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२००. दर बुधवारी नाश्त्याचे ५०० वेगळे, पन्नास आठवड्यांचे २५ हजार. पेट्रोल, दिवाळीची गिफ्टं, ट्रेनिंगच्या नावाखालचे रविवार धरले तर आकडा ऐंशी हजारांना भिडतो. माझ्या धंद्यात कागद, प्लेट, मजुरी जाऊन हातात १२ टक्के राहिले तर मी खूश असतो. म्हणजे नुसते ऐंशी हजार वसूल व्हायला पावणेसात लाखांचं काम यायला हवं. तिथे उभं राहून "थँक यू, ३० हजारांचा बिझनेस" म्हटलं की टाळ्या पडतात. त्यातले माझे ३,६००. स्लिपेवर उलाढालीचा रकाना असतो, नफ्याचा नसतो.

पहिल्या वर्षी मला साडेपाच लाखांचं काम मिळालं. वाईट नाही ना? थांबा. त्यातलं चार लाखांच्या आसपास ग्रुपमधल्याच लोकांचं होतं. प्रिंटर ग्रुपमध्ये आला की सगळ्यांना अचानक व्हिजिटिंग कार्ड संपल्याचं आठवतं. लेटरहेड, बिलबुकं, एक स्टँडी, आणि प्रत्येकाचं एकच वाक्य: "आपलाच माणूस आहे, रेट नीट लाव." रेट नीट लावायचा म्हणजे काय, ते मी पूर्वी माझ्या मेहुण्यालाच फक्त लावत होतो. बदल्यात मीही त्यांच्याकडून विमा घेतला, ऑफिसचं फॉल्स सीलिंग करून घेतलं, नको असलेला वॉटर प्युरिफायर घेतला. चाळीस जणांचे पैसे चाळीस जणांतच फिरत होते आणि दर आठवड्याला बेरीज मात्र वाढत होती.

बाहेरच्या रेफरलची गंमत वेगळीच. दर आठवड्याला काहीतरी द्यायचं दडपण असतं, मग माणूस मोबाइलमधले नंबर चाळायला लागतो. एकदा एकाने मला स्लिप दिली: 'मुलाचं लग्न, पत्रिका, हॉट लीड.' मी पत्रिका छापतच नाही, पण नाही कसं म्हणायचं? फोन लावला.

"नमस्कार काका, अमुक यांनी तुमचा नंबर दिला. पत्रिकांबद्दल बोलायचं होतं."

"कसल्या पत्रिका?"

"मुलाच्या लग्नाच्या."

पलीकडे जरा शांतता. मग, "अहो, परवा हळद आहे. तुम्हाला पत्रिका पोचली नाही का?"

मीच ओशाळलो. म्हटलं, पोचली, पोचली, अभिनंदन करायला फोन केला. ज्याने स्लिप दिली त्याचा आठवडा मात्र साजरा झाला.

चूक त्या बिचाऱ्याची नव्हती. एरवी आपण कोणाचं नाव सुचवतो तेव्हा आपलंही नाव पणाला लावतो. जावयाला डॉक्टर सुचवताना आपण दहादा विचार करतो. दर बुधवारी एक सुचवायचाच म्हटल्यावर नाव पणाला कोण लावणार? मग नुसता नंबर पुढे सरकतो.

असं असूनही मी अडीच वर्षं राहिलो, आणि आज त्याचा पश्चात्ताप नाही. त्याला कारण आमच्या ग्रुपमधले सीए. मितभाषी माणूस, मिनिटभराच्या भाषणात वीस सेकंद शिल्लक ठेवायचा. वन-टू-वनच्या (दोघा मेंबरांच्या वेगळ्या भेटीच्या) नावाखाली एकदा ते प्रेसवर आले. त्या दिवशी माझं एका मसाल्याच्या खोक्यांचं काम बिघडलं होतं. लॅमिनेशन घडीवर तडकत होतं, दोन हजार खोकी मी बाजूला काढून ठेवली होती. त्यांनी विचारलं, गिऱ्हाइकाला कळलं असतं का? म्हटलं, आज नाही, दुकानात महिनाभर राहिल्यावर कळलं असतं. एवढंच बोलणं झालं. चार महिन्यांनी त्यांचा एक क्लाएंट, पिंपळगावचा बेदाणा पॅक करणारा, पाव किलोच्या खोक्याचा नमुना घेऊन माझ्याकडे आला. आला तोच म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, रेट कुठेही विचार पण माल इथूनच घे." पुढच्या वर्षी त्याचं नऊ लाखांचं काम झालं, आजही चालू आहे. अडीच वर्षांतल्या शंभराहून जास्त बुधवारांचं हे एक फळ. आणि त्याचं बी हॉटेलातल्या सभेत पडलं नव्हतं, माझ्या गाळ्यात, फुकट गेलेल्या खोक्यांच्या ढिगाशेजारी पडलं होतं.

मग सभेशिवाय ते सीए भेटले असते का? नसते. हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

फायदा झालेले लोकही मी जवळून पाहिलेत. आमच्याकडे आर्किटेक्ट, इंटिरियरवाला, मॉड्युलर किचनवाला आणि होम लोन करून देणारा असा चौघांचा कंपू होता. नवीन फ्लॅट घेणारा एक माणूस चौघांचंही गिऱ्हाईक. एकाकडे आला की चौघांकडे फिरायचा. एका कामात लाखभर सुटत असेल तर फी दोन महिन्यांत वसूल. याउलट आमच्या डेंटिस्ट ताई वर्षभर नेमाने आल्या, सगळ्यांचे दात साफ करून झाले, पुढे काही हललं नाही. दात दुखला की माणूस घराजवळचा दवाखाना बघतो, स्लिप नाही बघत.

तर त्या मुलाला मी फीबद्दल काही बोललो नाही. म्हटलं, आधी दोनदा पाहुणा म्हणून जा. खोलीत कोण बसलंय ते लिहून काढ. घरगुती सोलरला तीन किलोवॅट आणि त्याहून जास्तला ७८ हजारांचं केंद्राचं अनुदान आहे हे आता शेजारच्या आजींनाही ठाऊक आहे, त्यामुळे गिऱ्हाईक तयार आहे. प्रश्न हा की त्या गिऱ्हाइकाच्या छतापर्यंत तुझ्या आधी कोण पोचतं. बिल्डर, वायरिंगचा कॉन्ट्रॅक्टर, वॉटरप्रूफिंगवाला, सोसायट्यांचे हिशेब बघणारा. यातले तीन जण त्या खोलीत असतील तर भर. विमेवाला, लाइफ कोच अशीच मंडळी असतील तर नाश्ता करून परत ये. आणि भरलीस तर पहिल्या महिन्यात त्या तिघांना तू बसवलेल्या एखाद्या गच्चीवर घेऊन जा, मिनिटभराचं भाषण नंतर पाठ कर.

तो म्हणाला, "आणि त्या सकाळी सातचं काय?"

त्याला इलाज नाही. ग्रुप सोडून तीन वर्षं झाली, अजून बुधवारी साडेपाचला आपोआप जाग येते. सीए साहेबांनाही येते म्हणे. मागच्या बुधवारी सव्वासहाला त्यांचा फोन आला, सिन्नरच्या एका लोणचेवाल्याला खोकी हवी आहेत. मी म्हटलं, साहेब, किती आभार मानू? तर म्हणाले, "आभार राहू द्या. स्लिप कुठे भरू तेवढं सांगा."