बोटीवर एकटीनं मजा कशी करावी (दोघींचे पैसे भरून)

सगळ्यात आधी, कोणाला सांगू नका. माझं तिथेच गंडलं म्हणून पहिलं हेच सांगतेय. ऑफिसात एकीला बोलून बसले की जानेवारीत मुंबई-गोवा क्रूझला चाललेय, एकटीच, तर ती आधी वॉव म्हणाली आणि मग आवाज खाली आणून, "घरी सगळं ठीक आहे ना गं?" संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्याला माझ्या घटस्फोटाची तारीख माहीत होती, फक्त मला आणि नवऱ्याला नव्हती. नवऱ्याला बोटीत उलट्या होतात, त्याला विचारलं तर त्याने फक्त "डब्याचं काय करू" एवढंच विचारलं. त्यामुळे सांगायचंच झालं तर ऑफिसचं ट्रेनिंग आहे म्हणून सांगा. ट्रेनिंगला एकटी गेलेल्या बाईबद्दल आपल्याकडे कोणाला काही वाटत नाही, तिथे मजा नसते ना.

मग बुकिंग. क्रूझचं भाडं माणशी लिहिलेलं असतं, ते बघून खूश व्हायचं नाही, कारण ते एका खोलीत दोघं झोपणार असं धरून असतं. एकटीनं जायचं तर जी येणार नाहीये तिचंही भाडं जवळजवळ तेवढंच भरायचं. याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात, मला आधी ती कॅल्शियमची गोळी वाटली. परदेशात यावर इलाज काढलाय म्हणे, नॉर्वेजियन एपिक म्हणून एक मोठी बोट आहे, तिच्यावर २०१० पासून खास एकट्यांसाठी १२८ खोल्या आहेत, साधारण १०० चौरस फुटांच्या, आणि खिडकीतून समुद्र नाही दिसत, कॉरिडॉरमधली येणारी जाणारी माणसं दिसतात. अहो, माझ्या मामाकडे गिरगावात याच सोयीत सात माणसं राहायची, आणि त्यांना कोणी सोलो ट्रॅव्हलर म्हणालं नाही.

हे भाड्याचं मी आईला फोनवर सांगितलं, ती दुसरी चूक. आई गुहागरला असते, खालच्या पाटात, घरामागे वाडी आणि वाडीमागे समुद्र.

"दोघींचे भरलेस? मग दुसरी कोण?"

"कोणी नाही गं. एकटीचेच एवढे होतात."

"मग तिचे कशाला भरलेस?"

मी परत सगळं समजावलं. अर्धा मिनिट शांतता. मग म्हणाली, "बरं, जेवण तरी घे हो तिच्या वाटचं."

तेव्हापासून ती दुसरी बाई माझ्याबरोबर आहे.

बॅलार्ड पियरला गर्दी बघून घाबरून जायचं नाही, ही सगळी माणसं तुमच्यासारखीच शांतता शोधायला आलेली आहेत, फक्त बारा-बारा जणांच्या ग्रुपने आणि सारखे टीशर्ट घालून. बोटीवर चढलात की पहिला कार्यक्रम जीव वाचवायचा. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजतो, सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. आधी बोट सुटल्यावर २४ तासांत हे उरकलं तरी चालायचं, पण २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर चढली आणि त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायतच व्हायची होती, तेव्हापासून नियम बदलला, आता आधी कवायत मग प्रवास. माझ्या शेजारचे काका सगळा वेळ व्हिडीओ काढत होते, जॅकेटचा पट्टा कुठून कुठे जातो ते ते घरी जाऊन बघणार होते बहुतेक.

मी मात्र नीट लक्ष देऊन ऐकलं, कारण आमच्या घरात बोट म्हटली की रामदास बोट. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आजी तर आम्ही गणपतीच्या चौरंगावर कागदाची होडी ठेवली तरी रामदासचं नाव काढायची. तर कवायतीच्या वेळी गंभीर राहा. एवढा एकच कार्यक्रम असा आहे जिथे तुम्ही एकटं असणं बोटीला चालत नाही, तुमचं नाव दोनदा पुकारतात. माझं पुकारलं, मग विचारलं, "मॅम, अँड युअर कम्पॅनियन?" मी म्हटलं, ती खोलीत आहे, तिला बरं नाहीये. का म्हटलं माहीत नाही. मग तिला न्यायला दोघं निघाले, त्यांना थांबवून सगळं खरं सांगावं लागलं, मागची रांग ऐकत होती.

खोली मी खिडकी नसलेली घेतली होती, स्वस्तातली, म्हणजे दोघींच्या हिशोबात स्वस्तातली. दिवा मालवला की डोळे उघडे आहेत का मिटलेले ते हाताने चाचपून बघावं लागतं. एकांत हवा होता ना, घ्या. बाकी सगळं दोन दोन, दोन उशा, दोन लाइफ जॅकेटं, दोन ग्लास. खोली आवरणाऱ्या मुलाने टॉवेलचा हत्ती करून एका उशीवर ठेवला आणि दुसऱ्या उशीवर माकड. मी हत्तीकडच्या बाजूला झोपायचं ठरवलं.

आता डेकवर या. स्विमिंग पूलच्या कडेला आडवं पडायच्या खुर्च्या असतात, तिथे पडून पुस्तक वाचायचं असं प्रत्येक जाहिरातीत असतं. पण खुर्च्या ओळीने रिकाम्या आणि प्रत्येकीवर एकेक टॉवेल. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. चिपळूण स्टँडला एसटी अजून फलाटाला लागत असते तेव्हा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपण माणसं, आपल्याला हे कोणी शिकवायला नको. मी ती दुसरी जी आहे तिचा टॉवेल आणला आणि दोन खुर्च्या धरल्या, एकीवर मी, एकीवर ती. इथे तिचा जरा उपयोग झाला, नाही असं नाही.

पण पुस्तक उघडायचं नाही. एकटं माणूस बोटीवर दिसलं की ते गावच्या पाणवठ्यासारखं असतं, कोणीही यावं. पहिल्या तासात मी सतरा फोटो काढले, एकही माझा नाही. "ताई, एक फोटो काढता? उभा पण काढा. जरा झेंडा येऊ दे मागे. डोळे मिटले याचे, परत." मग एका बाईंनी पर्स सांभाळायला दिली, एकींनी सासूबाई दिल्या, "दहा मिनिटं बसतील तुमच्याजवळ, आम्ही वर जाऊन येतो," आणि दहाची चाळीस झाली. सासूबाई गोड होत्या पण. त्यांनी विचारलं मिस्टर नाही आले? म्हटलं नाही. मुलं? कॉलेजात. मग जेवणाचं कोण बघतं? मी म्हटलं तेच बघतात. तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की बिचाऱ्या पुरुषांना मागे टाकून मी दर्यात पळून चाललेय, आणि तसं बघितलं तर खरंच होतं ते.

आणि कुठल्या तुम्ही, या प्रश्नाचं उत्तर आधी तयार ठेवा. मी सरळपणे गुहागर म्हटलं. गुहागरात कुठे, वरचा पाट का खालचा? खालचा. म्हणजे व्याडेश्वराकडून आत? तीन मिनिटांत त्यांची चुलत नणंद आमच्या शेजारच्या घरात दिलेली निघाली आणि पाचव्या मिनिटाला मी क्रूझवर एकटी आहे ही बातमी तिकडे पोचली, कारण तेव्हा अजून अलिबागच्या आसपास कुठेतरी नेटवर्क होतं. दुसऱ्या दिवशी शहाणपणा करून एकांना नागपूर सांगितलं. त्यांचे जावई नागपूरचे.

जेवणाचं जरा सविस्तर सांगते कारण इथे माझा खरा जीव जळला. बुफे, म्हणजे काय नाही तिथे, इडली, पास्ता, ढोकळा, जैन काउंटर वेगळा, केकचे मनोरे. मी माशाच्या काउंटरला गेले. बासा. बघा हां, आपण अरबी समुद्रावर आहोत, खाली सुरमई आहे, बांगडा आहे, पापलेट आहे, हर्णैच्या बंदरात संध्याकाळी लिलाव लागतो तिथून थोडंच लांबून चाललोय, आणि ताटात पांढरा, काटे नसलेला, वास नसलेला, व्हिएतनामच्या नदीकाठी वाढवलेला गोड्या पाण्यातला बासा. त्याच्यावर लिंबू. आचाऱ्याला विचारलं तर म्हणाला, मॅम, गेस्टना फिशी टेस्ट नको असते. कोकणातल्या माणसाने याला काय उत्तर द्यायचं? मी दोन तुकडे घेतले, एक माझ्या वाटचा आणि एक तिच्या. दोन्ही टाकले. आईला हे सांगितलेलं नाही.

एकटीला टेबलही मिळत नाही, चौघांचं असतं, मग उरलेल्या तीन खुर्च्यांवर कोणीतरी येऊन "बसू ना?" म्हणत बसतंच, आणि मग तुम्ही त्यांच्या मुलाला वरण भरवताय. मी भरवलं. चांगलं खाल्लं त्याने.

आणि एक महत्त्वाचं, नेटचं पॅकेज घेऊ नका. बोट लांब गेली की आपल्या फोनचं नेटवर्क जातं आणि बोटीवरचं सॅटेलाइटचं नेटवर्क लागतं, त्याचं बिल असं येतं की त्यात आणखी एक क्रूझ झाली असती, म्हणून फोन विमान मोडवर टाका. वायफाय वेगळं विकत मिळतं, तेही महाग. पण आपण आलोय कशाला? तुटायला. कुटुंबापासून, ऑफिसपासून, सोसायटीच्या पाण्याच्या मेसेजपासून. मी काउंटरवरच्या मुलीला ठामपणे नको म्हटलं. ती हसली, तिला बहुतेक रात्री अकरापर्यंत ड्यूटी होती.

रात्री साडेअकराला मी वरच्या डेकला गेले. माझा हिशोब असा होता, बोट सहाच्या आधी सुटली, पंधरा नॉटचा वेग म्हणजे तासाला साधारण २८ किलोमीटर, गुहागर समुद्रातून १६० किलोमीटर धरलं तर बाराच्या आतबाहेर आपण घरासमोर. आई लहान असताना दाभोळला बोट यायची, खाडीच्या तोंडाशी आत न येता उभी राहायची, मग पडावातून माणसं, ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या, रडणारी पोरं सगळं हिंदकळत बोटीपर्यंत न्यायचे आणि वर ओढून घ्यायचे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, प्रत्येक बंदराला थांबत थांबत जायची. डेकवर चादर टाकून जागा धरायची आणि चादरीच्या कडेला दुसऱ्याची चादर. आई म्हणते त्या सगळ्याच्या वासाने अर्धी बोट ओकायची आणि उरलेली अर्धी ओकणाऱ्यांना लिंबू द्यायची. आमची बोट कुठेच थांबत नाही, हाच तर लक्झरीचा मुद्दा. अख्खं कोकण झोपेत असताना बाजूने निघून जायचं आणि सकाळी गोव्याला डोळे उघडायचे. कोकणातल्या माणसाने घर टाळायला एवढे पैसे भरावेत, तेही दोघींचे.

डावीकडे अंधारात एक दिवा फिरत होता, उजेड, अंधार, उजेड. अंजनवेलचं टाळकेश्वर दीपगृह असणार असं मी मनाशी ठरवलं, आणि त्याच्याजवळ पिवळट दिव्यांचा पुंजका म्हणजे एन्रॉनचा वीजप्रकल्प. कंपनीचं नाव बदलून किती वर्षं झाली पण आमच्याकडे ते एन्रॉनच. बस, एवढं दिसलं आणि मी धावत खाली गेले आणि त्या मुलीकडून सगळ्यात छोटं पॅकेज घेतलं. तिने काही विचारलं नाही, पावती तयारच असल्यासारखी दिली.

आई जागीच होती. शेजारच्या घरातून बातमी आली होती ना.

"अगो, कुठे आहेस?"

"घरासमोर. बाहेर ये जरा."

"आत्ता?" म्हणाली, पण चपला सरकवल्याचा आवाज आला, मग वाडीतल्या पाचोळ्याचा, मग सुरूच्या झाडातल्या वाऱ्याचा. "बॅटरी घेतल्ये हो. फिरवत्ये. दिसतो काय गो उजेड?"

आता एवढ्या लांबून हातातल्या बॅटरीचा काय उजेड दिसणार. मी म्हटलं, दिसला.

"थांब, सेल मार खातायत." दोनदा ठोकल्याचा आवाज. "आता?"

"आता मस्त दिसतोय."

माझा आवाज जरा मोठा झाला असणार, कारण मागून त्या सासूबाई आल्या, शाल घेऊन, त्यांच्या मागे सून, मग सारख्या टीशर्टवाले चौघं, काय दिसतंय, डॉल्फिन का? मी म्हटलं आई. कुठे? तिकडे. सासूबाईंनी लगेच हात वर केला आणि अंधाराला हलवला, मग कोणीतरी मोबाईलची बॅटरी लावली, मग सगळ्यांनीच लावल्या आणि दहाबारा जण ओ काकू, ओ काकू करून एन्रॉनच्या दिशेने ओरडायला लागले, ज्याला दुपारी वरण भरवलं होतं तो बापाच्या खांद्यावरून सगळ्यात जोरात.

"बोट दिसत्ये हो," आई म्हणाली, "लखलखत्ये अगदी." ती आमचीच होती का एखादा ट्रॉलर होता ते मी विचारलं नाही. "आणि काय गो, तू एकटीच गेलीस ना? मग एवढी कोण बोंबलतायत?"