आठही भाग ओळीने नकोत
सुट्टीत हॅरी पॉटरचे आठही भाग मुलांना ओळीने दाखवा, हे लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. २००१ चा पहिला भाग सहा-सात वर्षांच्या मुलांना झेपतो. पण तिसऱ्या भागात डिमेंटर, म्हणजे माणसाचा आनंद शोषून घेणारे काळे झगेवाले भयानक जीव, आले आणि माझी लेक आजीच्या पदराआड गेली. पुढे आठवडाभर दिवा लावूनच झोपली. लहानग्यांसाठी जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) हा ॲनिमेशनपट लावा. दीड तासाच्या आत संपतो, खलनायक कोणी नाहीच, आणि पावसात बसथांब्यावर टोटोरो हा जंगलातला भलामोठा केसाळ प्राणी छत्री धरून उभा राहतो तो प्रसंग तर सासूबाईंनी पुन्हा लावायला सांगितला! त्यातल्या दोन छोट्या बहिणींची आई दवाखान्यात असते, तेवढं आधी सांगून ठेवा. मियाझाकींचाच ‘स्पिरिटेड अवे’ मात्र मुलं जरा मोठं झाल्यावरच. त्यातल्या मुलीच्या आईबाबांची डुकरं होतात तिथे लहान मुलं खरंच घाबरतात.