देव तारी, त्याला कोण गारठवी?

इंग्लंडात राहता, आणि तुमच्या मंडळाचे कार्यक्रम जुन्या चर्चच्या इमारतीतल्या देवळात होतात? मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्वेटर अजिबात घालू नका. येवल्याहून मागवलेली पैठणी काय झाकून ठेवायला घेतली? पुरुषांनी मलमलचा झब्बा घालावा. ऊब पुरवणं हे देवळाचं काम.

आत शिरल्यावर आधी देवाला नाही, थर्मोस्टॅटला हात लावा. आकडा १८ दिसेल. तो खजिनदारकाकांनी लावलेला असतो, म्हणजे मनावर घ्यायचा नसतो. थेट ३० करा. ‘अहो, ती काय गॅसची शेगडी आहे का? ३० वर ठेवून खोली लवकर तापत नाही, बॉयलर फक्त थांबायचं विसरतो,’ असं कुणीतरी इंजिनियर सांगेल. आपल्या मंडळात इंजिनियरांना काय तोटा! दुर्लक्ष करा.

आता छत उंच, आणि गरम हवा वर जाते. त्यामुळे पहिला तासभर वरच्या तुळया शेकून निघतात आणि खाली फरशीवर आपली अनवाणी पावलं बधिर. चर्च बांधणारे बूट घालून बसायचे. पुढे इथे चपला बाहेर काढणारी माणसं येतील, हे त्यांना सुचायला हवं होतं. असो. भिंतीलगत एखादा रेडिएटर तापलेला सापडेल. त्यावर कोट टाका. तिघांचे टाका, वर बाळाची ओली कानटोपी.

आरतीला गर्दी झाली की गदमदायला लागेल. तेव्हा थर्मोस्टॅट कमी करण्याचा वेडेपणा करू नका, खिडकी उघडा. मागच्या दारात खुर्ची अडकवा, म्हणजे तिळगुळाची वडी चघळत तिथे उभ्याउभ्या गप्पा होतात.

ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे जातात. बॉयलरच्या जुन्या टायमरला ते कुणी सांगत नाही. मग भजनाआधी तासभर रिकाम्या सतरंज्या तापतात आणि भैरवीला माणसं कुडकुडतात. टायमरला हात लावू नका. ग्रुपवर टाका: ‘देवळात काय ही थंडी! कार्यकारिणी झोपली आहे का?’

बिलाचं म्हणाल, तर घरगुती गॅसच्या दराला २०१९ पासून सरकारी नियामकाची, म्हणजे ऑफजेमची, कमाल मर्यादा आहे. ती घरांना, देवळांना नाही. देऊळ व्यावसायिक दराने गॅस घेतं. तरीही ऊब देवळातच घ्यावी. घरी आपण हीटिंग बंद करून दोन पांघरुणांत बसतो, कारण तिथलं बिल आपल्या नावावर येतं. इथे दानपेटीत एक पौंड टाकला की हिशेब चुकता.

एखाद्या आजी म्हणतील, ‘पंढरपुरात थंडीत विठोबालासुद्धा कानपट्टी बांधतात, रजई पांघरतात. तुला रे काय झालं स्वेटर घालायला?’ आजींना वाकून नमस्कार करा. एका हाताने. दुसरा थर्मोस्टॅटवर राहू द्या.

निघताना हीटिंग बंद करू नका, शेवटी निघणारा करेल. आपण शेवटचे नव्हतोच, हे सोमवारी सगळेच शपथेवर सांगतात.

आणि हो, यंदा खजिनदारकाकूंनी वाण म्हणून लोकरी मोजे लुटले. छान आहेत. घरी कपाटात ठेवा. पुढच्या कार्यक्रमाला ते घालून आलात, तर ३० चा उपयोग काय?