परत या, पण रांगेतून

निवृत्त झालेला ड्रायव्हर जिमी जॉन्सन पुन्हा गाडीत बसणार अशी बातमी आली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (अमेरिकेतल्या शार्लटमधली आठ-दहा नॅस्कारवेडी, म्हणजे तिथल्या मोटारींच्या शर्यतींची वेडी, मराठी टाळकी, हो, असे लोक असतात) कोणीतरी विजय मर्चंटना मध्ये आणतोच. ‘का जाताय?’ असं लोक विचारत असतानाच जावं, ‘कधी जाताय?’ विचारायची वेळ आणू नये, हे मर्चंटांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. मर्चंट स्वतः तसेच गेले. १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ काढले आणि थांबले, वय चाळीस. त्यांना ते शोभतं. पण प्रत्येक खेळाला क्रिकेटची फूटपट्टी लावायची आपली जुनी खोड आहे आणि या बाबतीत ती मला अजिबात पटत नाही.

क्रिकेटच्या संघात जागा अकरा. म्हातारा अडून बसला की कुणातरी पोराची जागा गेली. नॅस्कारमध्ये हिशेब वेगळा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दिसायला शोरूममधली कॅमरी किंवा मस्टँग, आत मात्र पोलादी पिंजरा आणि धडधडणारं व्ही-८ इंजिन. साधारण चाळीस गाड्या, तीन-चार तास, आतलं तापमान पन्नास अंशांच्या घरात. २०१६ पासून ३६ गाड्यांकडे ‘चार्टर’ आहे, म्हणजे त्यांची जागा पक्की. उरलेल्या चार जागा खुल्या, त्यासाठी भांडायचं. गाडीत कोण बसणार हे मालक आणि पैसे देणारी कंपनी ठरवते. त्यामुळे निवृत्त माणूस परत आला की त्याचं वय किती हा माझा पहिला प्रश्न नसतो. तो कोणत्या दारातून आत आला, हा असतो.

वयावरून हसणाऱ्यांना माझं एकच उत्तर असतं, मार्क मार्टिन. या माणसाने २००५ लाच निरोपाचा हंगाम जाहीर केला होता, मग आणखी एक वर्ष राहिला, मग दोन वर्षं अधूनमधून गाडी चालवली आणि २००९ मध्ये हेंड्रिक संघाच्या ५ नंबरच्या गाडीत पूर्ण हंगामासाठी परत आला. वय पन्नास. त्या वर्षी पाच शर्यती जिंकला आणि अजिंक्यपदाच्या यादीत दुसरा आला. पहिला कोण? तेव्हाचा तरुण जिमी जॉन्सन. (मार्टिन आयुष्यात पाच वेळा दुसरा आला, पहिला एकदाही नाही. हे लिहितानाही जीव तुटतो.) त्याच्याही आधी हॅरी गँट ५२ व्या वर्षी, १९९२ मध्ये, मिशिगनला जिंकला होता आणि आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात तर त्याने लागोपाठ चार शर्यती मारल्या होत्या. म्हणजे पन्नाशी आली की पाय ब्रेकवर पोचत नाही असं काही नसतं.

मग जॉन्सनचं काय झालं? सात अजिंक्यपदं, ८३ विजय. २०२० नंतर पूर्णवेळ थांबला, दोन वर्षं इंडीकार (उघड्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यती) करून आला आणि २०२३ पासून स्वतःची भागीदारी असलेल्या संघाची ८४ नंबरची गाडी (जुना ४८ उलटा केलेला) अधूनमधून चालवू लागला. निकाल बहुतेक वेळा पंचविसाच्या पुढे. लोक म्हणाले, संपला. मला वाटतं, संपली होती ती त्याची गाडी. तो ज्या गाडीत जिंकत होता ती राहिलीच नाही. २०२२ पासून नवी ‘नेक्स्ट जेन’ गाडी आली. गिअर बदलायची पद्धत वेगळी, मागचं सस्पेन्शन वेगळं, टायर रुंद आणि बुटके. जुनी गाडी घसरायला लागली की आधी सांगायची, सावरायला वेळ द्यायची. ही घसरते तेव्हा एकदम घसरते. वीस वर्षांत कंबरेला जे कळायला लागलं होतं, ते इथे उलट नडतं. त्यात सरावाला मिळणारा वेळ आता अगदी तुटपुंजा. दर आठवड्याला चालवणारी पोरं शर्यतीतच शिकतात. वर्षातून बोटांवर मोजण्याइतक्या शर्यती करणाऱ्याने कुठे शिकायचं? मार्टिनला २००९ मध्ये मैदानातली सर्वोत्तम गाडी आणि प्रत्येक रविवार मिळाला होता. फरक तिथे आहे, पांढऱ्या केसांत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात शार्लटच्या ६०० मैलांच्या शर्यतीला स्टँडमध्ये होतो. जॉन्सनची ती ७०० वी शर्यत. तिथे भाड्याने स्कॅनर मिळतो. हेडफोन लावला की ड्रायव्हर आणि वर छतावर उभा असलेला त्याचा स्पॉटर यांचं बोलणं आपल्याला ऐकू येतं. मी मुद्दाम ८४ लावून बसलो होतो. स्पॉटरचं एकसुरी चालू असतं, आत आहे, अजून आत आहे, दारापाशी, गेला. मंत्र म्हटल्यासारखं. ड्रायव्हर फारसं बोलत नाही. माझ्या पुढच्या रांगेत ४८ ची फिकट टोपी घातलेले एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. अर्ध्याच्याही आत जॉन्सनची शर्यत आपटून संपली, तर त्यांनी हेडफोन काढून नातवाच्या डोक्यावर चढवला, चॅनेल बदलून दिला आणि स्वतः सँडविच काढलं. हळहळ वगैरे काही नाही. इकडे आमच्या ग्रुपवर तोवर शोकसभा भरली होती.

पण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत डेटोनाच्या ५०० मैलांच्या शर्यतीत हाच माणूस, वय ४९, तिसरा आला होता. शेवटच्या फेरीत पुढच्या गाड्या एकमेकांत अडकल्या, विल्यम बायरन निसटला, मागून टायलर रेडिक आणि मग जॉन्सन. यात नशीब होतंच. पण डेटोनाला इंजिनची ताकद आवळलेली असते, सगळ्या गाड्या जवळपास एकाच वेगाने, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास, एकमेकींच्या मागच्या हवेच्या पोकळीत पळतात. कुठली रांग पुढे सरकणार, कोण कधी बाहेर पडणार, कुणाला ढकलायचं, हे ओळखायचं काम. तिथे जुनं खोड उपयोगी पडतं.

आणि मला खरा आनंद झाला तो तिसऱ्या क्रमांकाचा नाही. जॉन्सनची गाडी खुल्या जागांतली होती. सात अजिंक्यपदं असलेला माणूस पात्रता फेरीत एकटा ट्रॅकवर उतरला, घड्याळ लावलं आणि वेगावर जागा मिळवली. मार्टिन ट्रुएक्स ज्युनिअर, जो २०२४ अखेर पूर्णवेळ थांबला होता, त्यानेही तसंच केलं. बाकीच्या दोन जागा गुरुवारच्या पात्रता शर्यतींतून भरल्या. याला म्हणतात रांगेतून येणं.

आता त्याच शर्यतीतलं दुसरं उदाहरण. एलियो कॅस्ट्रोनेव्हिस, इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत चार वेळा जिंकलेला, माझाही लाडका. पण त्याच्यासाठी ४१ वी जागा तयार ठेवली होती. ‘जागतिक कीर्तीचा ड्रायव्हर’ या नव्या नियमाने. वेगाने नाही जमलं तरी आत. ज्यांना जमलं नाही आणि ज्यांच्याकडे कीर्ती नव्हती ते गाडी ट्रेलरवर चढवून घरी गेले. हे मला खुपतं.

ही खोड जुनी आहे. रिचर्ड पेटी म्हणजे या खेळाचा राजाच, २०० विजय. शेवटचा १९८४ च्या ४ जुलैला डेटोनाला, राष्ट्राध्यक्ष रेगन बघायला आले होते. त्यानंतर १९९२ पर्यंत आठ वर्षं एकही नाही. १९८९ मध्ये तर काही शर्यतींसाठी राजा पात्रच ठरला नाही. मग माजी विजेत्यांसाठी एक राखीव जागा आली. डॅरेल वॉल्ट्रिप, ८४ विजय, तीन अजिंक्यपदं, १९९२ नंतर एकही विजय नसताना २००० पर्यंत चालवत राहिला आणि शेवटच्या काही वर्षांत वारंवार याच सवलतीवर आत आला. मला वॉल्ट्रिप टीव्हीवर प्रचंड आवडायचा, पण ती वर्षं त्याने स्वतःच्या नावातून उसनी घेतली. हौसेला मोल नसतं हे मान्य. पण ते मोल दुसऱ्याने भरायचं असेल तर?

पेटीचा निरोप मात्र मला आवडतो. नोव्हेंबर १९९२, अटलांटा. अपघातात गाडीला आग लागली, तो बाहेर आला. पोरांनी ठोकाठोक करून गाडी उभी केली आणि शेवटच्या एक-दोन फेऱ्यांसाठी पुढचे पत्रे नसलेल्या त्या गाडीतून राजा पुन्हा ट्रॅकवर उतरला. निकालपत्रकात ३५ वा. त्याच शर्यतीत जेफ गॉर्डन नावाचा पोरगा पहिल्यांदा धावला. पुढे २०१५ ला तोही निवृत्त झाला आणि २०१६ ला डेल अर्नहार्ट ज्युनिअरच्या डोक्याला मार लागल्यावर त्याच्या गाडीत बदली म्हणून परत आला. बदलीवर येणाऱ्यांबद्दल तर माझी तक्रारच नाही. २०२० मध्ये मॅट केन्सेथ ४८ व्या वर्षी, दीड वर्षाच्या खंडानंतर, करोनामुळे एक फेरीसुद्धा सराव न करता डार्लिंग्टनला उतरला आणि दहावा आला. पुढचा हंगाम बेताचाच गेला, पण बोलावलं म्हणून आला.

धोक्याचं काय, असं ग्रुपवर विचारलं जातं आणि तो प्रश्न खरा आहे. २०१४ मध्ये न्यू हॅम्पशायरला ७२ वर्षांचा मॉर्गन शेपर्ड कित्येक फेऱ्या मागे असताना आघाडीच्या गाड्यांतल्या जोई लोगानोला जाऊन भिडला. लोगानो तेव्हा २४ चा. शेपर्डने सगळे नियम पाळले होते, किमान वेगही राखला होता. म्हणजे दोष नियमाचा. किमान वेग इतका खाली ठेवला की सावकाश गाडी ही बाकीच्यांसाठी चालती भिंत होते, मग आतला माणूस २७ चा असो की ७२ चा.

आणि नील बॉनेट. त्याच्यापुढे माझे सगळे युक्तिवाद अडखळतात. १९९० मध्ये डार्लिंग्टनला डोक्याला असा मार बसला की स्मृतीच गेली. हळूहळू बरा झाला, टीव्हीवर समालोचक म्हणून जम बसला. पण मन तिकडेच. १९९३ मध्ये टॅलाडेगाला परत आला, गाडी उडून कुंपणावर गेली, तो सुखरूप निघाला आणि त्याच दिवशी समालोचन कक्षात जाऊन बोलू लागला. ११ फेब्रुवारी १९९४, डेटोना, सराव. वय ४७. त्यात तो गेला. आज मानेचा पट्टा आहे, मऊ भिंती आहेत, २००१ ला डेल अर्नहार्ट (ज्युनिअरचे वडील) शर्यतीत गेल्यानंतर बरंच बदललं. तरी २०२२ मध्ये पोकोनोला कर्ट बुशच्या डोक्याला लागलं आणि तो पुन्हा पूर्वीसारखा उतरू शकला नाही. म्हणून डोक्याच्या दुखापतीनंतर परत येणाऱ्याला मी टाळ्या वाजवत नाही. तिथे डॉक्टरचा शब्द शेवटचा असावा, मालकाचा नाही आणि ड्रायव्हरचा तर नाहीच.

बाकी ज्यांना नुसतं चालवायचंय त्यांना चालवू द्या की. हर्शल मॅकग्रिफ २०१८ मध्ये नव्वदाव्या वर्षी टूसॉनला शर्यतीत उतरला. रेड फार्मर नव्वदीतही टॅलाडेगाच्या मातीच्या छोट्या ट्रॅकवर उतरत होता. डेल ज्युनिअर स्वतः थांबल्यावर वर्षाकाठी एखादी खालच्या स्तराची शर्यत, तीही स्वतःच्या संघाच्या गाडीतून, मजेत करायचा. कुणाचं काय गेलं?

मर्चंटवाद्यांचा आदर्श आहे कार्ल एडवर्ड्स. २०१६ च्या शेवटच्या शर्यतीत, होमस्टेडला, दहा फेऱ्या उरल्या असताना अजिंक्यपद हातात आलेलं आणि लोगानोशी टक्कर. दोन महिन्यांनी, ३७ व्या वर्षी, बस्स म्हणाला आणि गेला. २८ विजय. २०२५ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला, आता टीव्हीवर असतो, अंगाने अजून तसाच काटक. ग्रुपवर सगळ्यांचं एकमत की असं जावं. मी मात्र दर फेब्रुवारीत डेटोनाच्या खुल्या नोंदींच्या यादीत त्याचं नाव शोधतो. दिसलं तर तिकिटाचे आणि पेट्रोलचे पैसे बाजूला काढलेले आहेत. बायको ही पोस्ट वाचत असेल तर तिलाही आत्ताच कळतंय.