पब्लिसिटीसाठीच करतात हो सगळं

परवा आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये दोघी बोलत होत्या. कुठल्यातरी नटीला कोर्टाची नोटीस आली म्हणे. तिसऱ्या मजल्यापर्यंत नोटीस झाली, पाचव्यापर्यंत तिचं लग्न, आणि सातव्यावर दार उघडता उघडता एकीने निकाल दिला, "पब्लिसिटीसाठीच करतात हो सगळं." खटला संपला. आम्ही कोर्टनाक्याला तारखांवर तारखा घालवतो आणि इथे बी विंगच्या लिफ्टला चाळीस सेकंद पुरतात.

मी एकोणीस वर्षं ठाण्यात एका वकीलसाहेबांकडे टायपिंग करते. नोटिसा, वकालतनामे, गैरहजेरी माफीचे अर्ज. कायदा शिकलेली नाही, पण कायद्याची भाषा बोटांत बसलीये. त्या बोटांनीच आज हे लिहितेय, कारण त्या लिफ्टमध्ये मीही मान डोलावली आणि घरी आल्यावर मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक फर्निचरवाला आला. (नाव, गाव, रक्कम सगळं बदललंय, शोधत बसू नका.) घोडबंदर रोडला मालिकांची शूटिंगं चालतात, त्यामुळे नट-नट्या ठाणेकरांना नवीन नाहीत. अशाच एका मालिकेतल्या नटाने तिकडे फ्लॅट घेतला, याच्याकडून फर्निचर करून घेतलं आणि शेवटच्या हप्त्याचा एक लाख ऐंशी हजारांचा चेक दिला. चेक परत आला. आमच्यासाठी हे रोजचंच. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस, नाही भरले तर पुढच्या महिनाभरात १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याच्या कलमाची फिर्याद. साचा तयारच असतो, फक्त नाव, रक्कम, तारखा बदलायच्या. आरोपीच्या नावाशी आल्यावर मी एकदा थांबले, एवढंच. आई त्याची मालिका बघायची.

समन्स गेलं, तो पहिल्या तारखेला आला. मास्क लावून, साधा चेक्सचा शर्ट. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, आमचा नंबर बराच खाली होता, म्हणून बाहेरच्या बाकावर बसला. त्याच्या एका बाजूला एक रिक्षावाला, दुसऱ्या बाजूला पोटगीच्या केसमधली एक मुलगी, मांडीवर पोर. त्या मुलीनेच त्याला ओळखलं. पोर त्याच्या हातात देऊन तिने फोटो काढला. पुकारा झाला, तो आत गेला. वकिलांनी वकालतनामा दिला, जामीन झाला, पुढची तारीख पडली. सगळं मिळून चार मिनिटं. आणि गेटबाहेर कॅमेरा उभा.

संध्याकाळी मोबाईलवर बातमी आली, "प्रसिद्ध अभिनेत्याकडून लाखोंची फसवणूक, अटक होणार?" चेक परत येणं आणि फसवणूक या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी सांगायला नको. आणि ते प्रश्नचिन्ह बघा. एकोणीस वर्षांत मी बदनामीच्या कितीतरी नोटिसा टाइप केल्या असतील, प्रश्नचिन्हाला नोटीस पाठवलेली मला तरी आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, बघा, मिळाली की नाही पब्लिसिटी. पण कॅमेरा बोलावला कोणी? दुसऱ्या दिवशी आमचा फर्निचरवाला पेढे घेऊनच ऑफिसात आला. "मॅडम, मीच फोन केला होता. बातमी आली की पैसे लवकर निघतात." साहेब त्याच्यावर भयंकर चिडले. मी काही बोलले नाही, कारण आदल्या रात्री ती लिंक मीच आमच्या बहिणींच्या ग्रुपवर टाकली होती. वर "आमची केस" असं लिहून. नाशिकच्या मावशीपर्यंत पोचली.

त्या नटाचा चेक का परत गेला, हे मला खूप नंतर कळलं. मालिकेत कामाचे पैसे सहसा नव्वद दिवसांनी हातात येतात. त्यात मालिका अचानक बंद पडली. खात्यात पैसे नसताना चेक द्यायचा नसतोच, तिथे चूक त्याची. पण "लाखोंची फसवणूक" नक्कीच नव्हती.

तेव्हापासून सेलिब्रिटी आणि कोर्ट अशी बातमी दिसली की मी आधी फिर्यादी कोण ते बघते. शिल्पा शेट्टीचं उदाहरण घ्या. २००७ साली दिल्लीत एड्सबद्दल जागृतीच्या कार्यक्रमात हॉलिवूडचा नट रिचर्ड गेअरने भर स्टेजवर तिचं चुंबन घेतलं. त्याने घेतलं, आणि अश्लीलतेची केस तिच्यावरही. तक्रार राजस्थानातून झाली. पुढे प्रकरण मुंबईत आलं आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी तिला दोषमुक्त केलं, ती स्वतःच या प्रकारात पीडित दिसते असं म्हणत. जवळजवळ पंधरा वर्षं. तमिळ अभिनेत्री खुशबूने लग्नाआधीच्या संबंधांवर एका मुलाखतीत मत दिलं, तर तिच्यावर गावोगावी २३ फिर्यादी! २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या रद्द केल्या. मोठ्या नावाचं शेपूट धरून पेपरात शिरायची हौस नेमकी कोणाची, ते तुम्हीच सांगा.

बरं, सगळेच बिचारे असतात असंही मी म्हणणार नाही. पूनम पांडेने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःच्या मरणाची बातमी पसरवली, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली म्हणून. दुसऱ्या दिवशी व्हिडिओत हजर, "मी जिवंत आहे, जागृतीसाठी केलं." ज्या घरात हा कॅन्सर येऊन गेलाय त्या घरातल्या माणसाला विचारा काय वाटलं ते. माझ्या आत्याला हाच होता. त्या दिवशी मी तिच्या मुलाला फोन करणार होते, मग नाही केला. याला मी पब्लिसिटी म्हणते, आणि याहून वाईट शब्दही माझ्याकडे आहेत.

पण जुही चावलाचं प्रकरण मला जास्त विचार करायला लावतं. २०२१ मध्ये ती ५जी विरोधात दिल्ली हायकोर्टात गेली. ऑनलाइन सुनावणीची लिंक तिने सोशल मीडियावर टाकली (हा अगोचरपणाच, आमच्या साहेबांच्या अशिलाने केला असता तर साहेबांनी केस सोडली असती) आणि सुनावणी चालू असताना कोणीतरी मध्येच शिरून तिच्या सिनेमांतली गाणी म्हणायला लागला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. न्यायमूर्तींनी दावा फेटाळला, तो प्रसिद्धीसाठी केलेला दिसतो असा शेरा मारला आणि २० लाखांचा दंड लावला. हे तुम्हाला आठवतच असेल. जानेवारी २०२२ मध्ये त्याच हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दंड २ लाखांवर आणला आणि ते शेरे काढून टाकले, हे आठवतं का? मलाही माहीत नव्हतं, साहेबांनी सांगितलं. म्हणजे कोर्टाने स्वतःचा "पब्लिसिटीसाठी" हा शब्द मागे घेतला, पण आपण कुठला घ्यायला.

आपल्याकडे बातमी पहिल्या तारखेची होते. शाहरुखचा मुलगा आर्यन खानला ड्रग्जच्या केसमध्ये अटक झाल्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये चॅनेलवाले दिवसरात्र तुरुंगाबाहेर होते. मे २०२२ मध्ये एनसीबीने (अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणा) पुराव्याअभावी त्याचं नाव आरोपपत्रातून वगळलं, त्या बातमीला दीड दिवस मिळाला. गणपतीसारखा. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर रिया चक्रवर्तीच्या वेळी तर मुंबई हायकोर्टाला जानेवारी २०२१ मध्ये सांगावं लागलं की तुमचा मीडिया ट्रायल न्यायाच्या कामात ढवळाढवळ करतो.

कोणी म्हणेल, त्यांना काय, मोठे वकील असतात. खरंय. ६ मे २०१५ ला सलमान खानला हिट अँड रनच्या केसमध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी हायकोर्टातून अंतरिम जामीन. इथे पंधरा हजारांचा जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेल्या पोरांचे अर्ज मी टाइप करते. हा राग मला मान्य आहे. पण तो राग वेगळा, आणि लिफ्टमधलं ते वाक्य वेगळं.

आणि सगळ्यांनाच मोठे वकील वाचवतात असंही नाही. मराठी मालिकांतली केतकी चितळे आठवते? मे २०२२, शरद पवारांवरची ती फेसबुक पोस्ट. मला ती पोस्ट किळसवाणी वाटली होती, आजही वाटते. ठाणे पोलिसांनी तिला नवी मुंबईतून, कळंबोलीतून ताब्यात घेतलं. पोलीस ठाण्याबाहेर तिच्यावर शाई आणि अंडी फेकली. मग साधारण चाळीस दिवस कोठडी, त्यातले बहुतेक आपल्या ठाण्याच्या तुरुंगात. मी रोज त्या भिंतीवरून ऑफिसला जाते. "प्रसिद्धीच हवी होती तिला," हे त्या वेळी चहाच्या टपरीवर मी स्वतः म्हटलेलं आहे. चाळीस दिवस!

असो. आमच्या नटाची केस वर्षभराने राष्ट्रीय लोकअदालतीत मिटली. शनिवार होता. त्याने डीडी आणला, फर्निचरवाल्याने व्याज सोडून दिलं, तडजोडीची पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) मी टाइप केली, दोघांनी सह्या केल्या. गेटबाहेर कॅमेरा नव्हता. मी मुद्दाम बघितलं.

जिना उतरताना फर्निचरवाला त्याला म्हणाला, "दादा, रागावू नका, एक काम होतं. मानपाड्याला नवीन शोरूम टाकतोय. दोन ओळींचा व्हिडिओ द्याल का?" मला वाटलं आता हा त्याला झापणार. त्याने मास्क काढला, केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "उजेड कुठून येतोय?"

दोनदा मध्येच रिक्षाचा हॉर्न वाजला. तिसऱ्या टेकला ओके झालं.