एलडीडी मारलं म्हणजे डिपेंडन्सी तपासल्या असं नाही

प्रोग्रॅमला चालायला जे जे लागतं त्या त्याच्या डिपेंडन्सी. त्यातल्या लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या तयार कोडच्या फाइल, यांची यादी लिनक्सवर एलडीडी ही कमांड दाखवते. लिनक्स शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: ‘प्रोग्रॅमला काय काय लागतं ते बघायचंय? एलडीडी मारा. नुसती फाइल वाचली जाते, धोका शून्य. यादी पूर्ण येते. “नॉट फाउंड” दिसलं नाही की पॅकेज मॅनेजरला (प्रोग्रॅम बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाला) विचारायची गरजच नाही.’

धोका शून्य, हे एलडीडीच्या मॅन पेजलाच, म्हणजे कमांडसोबत येणाऱ्या माहितीपानालाच, मान्य नाही. काही वेळा एलडीडी तो प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवू शकतं, म्हणून भरवशाच्या नसलेल्या फाइलवर वापरू नका, असं तिथेच बजावलंय. त्यापेक्षा फाइल नुसती वाचणारी ‘ऑब्जडंप -पी’ ही कमांड चालवा आणि ‘नीडेड’च्या ओळी बघा. मात्र त्यात थेट जोडलेल्या लायब्ररीच दिसतात, पुढची साखळी नाही.

आणि खरी मेख साखळीतच असते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या (फाइल आकसून लहान करणाऱ्या) साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर, म्हणजे मुद्दाम ठेवलेली चोरवाट, सापडलं. निशाणा होता एसएसएच सर्व्हर, म्हणजे दुरून मशीनमध्ये लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम. आता हा सर्व्हर ज्यातून येतो त्या मूळ ओपनएसएसएचला एक्सझेडची लायब्ररी लिबएलझेडएमए लागतच नाही. पण ‘मी सुरू झालो’ ही वर्दी सिस्टमडीला (मशीनवरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला) देता यावी म्हणून डेबियनसारख्या डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या तयार संचांनी) पॅच मारून, म्हणजे कोडमध्ये आपला बदल करून, सिस्टमडीची लायब्ररी लिबसिस्टमडी जोडली होती, आणि तिच्यामागून लिबएलझेडएमए आत आली. एलडीडीने ती दाखवली असती, हे कबूल. पण त्याच वर्षीच्या सिस्टमडी २५६ पासून लिबसिस्टमडी कॉम्प्रेशनच्या लायब्ररी गरज पडेल तेव्हाच डीएलओपनने, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, उघडते. म्हणजे लायब्ररी लागू शकते, पण एलडीडीच्या यादीत तिचं नाव नाही! पॅमची (लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेची) मॉड्यूल्स आणि बहुतेक प्लगिन्स यांचंही तेच. मग कसली पूर्ण यादी?

‘नॉट फाउंड’ नाही, याचा अर्थ एवढाच की या मशीनवर आज त्या लायब्ररी सापडल्या. पायथनची स्क्रिप्ट दिली तर एलडीडी ‘ही डायनॅमिक एक्झिक्युटेबल नाही’ म्हणून मोकळं होतं. प्रोग्रॅम आतून कुठली कमांड बोलावतो, कुठल्या डेटा फाइल मागतो, हे पॅकेजच्या ‘डिपेंड्स’ (हवंच) आणि ‘रेकमेंड्स’ (असलेलं बरं) मध्येच लिहिलेलं असतं. त्यासाठी डेबियनसारख्या डिस्ट्रोंवर ‘एप्ट-कॅश डिपेंड्स’ ही कमांड. ‘--रिकर्स’ लावलंत तर डिपेंडन्सींच्या डिपेंडन्सीही येतात आणि यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढते, तयारी ठेवा. उलट बाजूने, म्हणजे एखादं पॅकेज कोणाकोणाला लागतं हे बघायला, ‘एप्ट-कॅश आरडिपेंड्स’.

एलडीडीने दाखवलेली लायब्ररी कुठल्या पॅकेजची हे ‘डीपीकेजी -एस’ सांगतं, त्यातला एस कॅपिटल. डेबियन १२ वर एलडीडीने दिलेला ‘/लिब’ने सुरू होणारा पाथ जसाच्या तसा टाकलात तर बऱ्याचदा काहीच सापडत नाही, कारण पॅकेजमध्ये नोंद ‘/युएसआर/लिब’ अशी असते. नुसतं फाइलचं नाव द्या.