टिप द्यायचीय की तमाशा करायचाय?

लास वेगासच्या कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या, म्हणजे पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलावर बसलं की शेजारी एक तरी दानशूर कर्ण येतोच. स्वतःच्या पैजेपुढे पाच डॉलरची चिप, म्हणजे कॅसिनोतलं नाणं, पत्ते वाटणाऱ्या डीलरच्या नावाने पैजेवर लावतो आणि अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल असं तिला म्हणतो, "ही तुझ्यासाठी!" डाव गेला की चिप कॅसिनोच्या ट्रेमध्ये. डीलर बाईंना काय मिळालं? घंटा! वर हा बाबा तिच्यावरच डाफरणार, "तुझीच चिप होती, मग स्वतःला एक्का कशाला काढलास?" अरे, पत्ते काय ती घरून छापून आणते?

क्रॅप्सवाले, म्हणजे दोन फाशांचा जुगार खेळणारे, तर त्याहून थोर. डीलरांची अख्खी टीम राबतेय आणि त्यांच्यासाठी एक डॉलर, तोही फाशांची बेरीज अकरा येण्यावर! 18 फेकींत सरासरी एकदा येणारा आकडा. आहेराचं पाकीट नवरीला न देता कार्यालयाच्या मालकाला देण्यातला प्रकार! आणि चुकून जिंकलंच, तर मूळची चिप हळूच मागे ओढणारे महाभागही बघितलेत मी.

सरळ पुढे ठेवा ना चिप. डीलर ती टेबलाच्या कडेवर टकटक वाजवते, डब्यात टाकते, थँक्यू म्हणते. झालं! पण मग राजे उदार झालेत हे टेबलाला कळणार कसं?